बोटभर फरक

चिमट्यात धरून तिने स्विच वर ओढला, आणि तो निघाला तोच टणकन उडून टेबलाखाली गेला.

"गेला," ती म्हणाली.

"जाऊ दे. पुढचा घे. आधी दोन्ही बाजूंनी दाब, मग सरळ वर. तिरका ओढलास की पाय वाकतात."

"माझे की स्विचचे?"

"दोघांचेही," नवरा म्हणाला, आणि खुर्ची मागे सारून स्वतःच खाली वाकला.

स्विच त्याला लगेच दिसला. दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने तो दोन बोटांत धरला, उचलला, आणि अर्ध्यावर आल्यावर तो पुन्हा पडला. पडला हे त्याला फरशीवरच्या आवाजावरून कळलं. मग त्याने स्विच तळहाताने भिंतीपर्यंत ढकलत नेला, भिंतीला टेकवून मुठीत घेतला आणि वर आला. तोवर ती पुढच्या स्विचशी मन लावून झटत होती. इतकं मन लावून, की तिने काही पाहिलं नाही असं कुणालाही वाटावं.

"हा घे."

"ठेव तिथे."

टेबलावर कीबोर्ड उघडाबोडका पडला होता. वरची अक्षरांची टोपणं काढलेली, खालचे जुने स्विच निम्मे उपटलेले. बाजूला नव्या स्विचचा पुडा. दर सुट्टीच्या दिवशी दुपारी हेच चालायचं. जेवणं उरकायची, टेबल पुसायचं आणि दोघांनी दोन बाजूंना बसायचं. एखाद्या घरात पत्ते निघतात, या घरात स्विच निघायचे.

ज्यांना हे वेड नाही त्यांना सांगायला हवं. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली बोटाच्या पेराएवढा एक स्विच असतो. काही स्विच टकटक वाजतात, काही अर्ध्या वाटेवर अडखळतात, आणि काही ना वाजतात ना अडखळतात, सरळ खाली जातात, सरळ वर येतात. त्यांना लिनिअर म्हणायचं. शहाण्या माणसाला सगळे लिनिअर सारखेच. पण वेड्यांचं जग वेगळं असतं. कुणाची स्प्रिंग किंचित नरम, कुणाच्या दांडीला वंगण जास्त, कुणी खाली जाताना कणभर खरखरतो, यावरून तिथे हमरीतुमरी होते. खेळायला हलका हवा, बोट टेकायचा अवकाश की लागला पाहिजे. टायपिंगला थोडा जड हवा, नाहीतर नुसतं बोट विसावलं तरी अक्षरं उमटत सुटतात. आणि दोन्हीला चालेल असा एक कुठेतरी असेलच, या आशेवर ही मंडळी जन्म काढतात.

तिचा नवरा या वेड्यांचा गुरू होता. स्विच विकणाऱ्या एका दुकानाच्या साइटवर तो 'बोटभर' या नावाने लिहायचा, म्हणून पोरं त्याला बोटभरकाका म्हणायची. डोळे मिटून, एकदाच दाबून तो सांगायचा की याची स्प्रिंग बदललेली आहे, याला वंगण घाईघाईत लावलंय. एकदा तर याने शिंकता शिंकता स्विच ओळखला होता, असं दुकानदार येईल त्याला सांगायचा. ते खोटं होतं, पण खपून जायचं.

मग तो आजारी पडला. औषधं जालीम होती, त्यांनी आजार घालवला आणि जाता जाता बोटांतली जाणही नेली. पेरांपासून पुढे काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, काही जणांची परत येते. वर्षभरात आली तर आली, त्यानंतर फारशी वाट बघू नका. वर्ष आता सरत आलं होतं.

तो दवाखान्यातून घरी आल्यावर दुकानदाराने पहिला पुडा पाठवला, तेव्हा तो सकाळभर एकच बटण दाबत बसला होता. दाबायचा, सोडायचा. तिला ते बघवेना. शेवटी तीच म्हणाली, "सरक. मी दाबते, तू लिही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"दिवसभर कचेरीत काय करते मी? टायपिस्ट आहे म्हटलं."

"तुमच्या कचेरीतला तो कीबोर्ड? त्यावर मांजरसुद्धा झोपणार नाही."

पण तो सरकला. तिने बटण दाबलं.

"कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय?"

"म्हणजे... दाबला की दाबला जातो."

तो हसला होता. कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसला होता. मग दुसरा स्विच लावून त्याने विचारलं, "आणि हा?"

"तसाच की."

हसू तिथल्या तिथे विझलं. इतक्या पटकन, की तिलाच आपण काहीतरी मोडल्यासारखं वाटलं. म्हणून ती घाईने म्हणाली, "थांब, थांब. नाही. हा जरा वेगळा आहे. ओल्या साबणाच्या वडीवरून बोट सरकतं ना, तसा."

तो ताठ बसला. "पुढे?"

"पुढे... तळाला गेल्यावर जरा धपकन बसतो."

"स्प्रिंग नरम आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "बोल, बोल."

तेव्हापासून ती बोलत होती. कुठला स्विच नव्या कपाटाच्या खणासारखा, कुठला पावडर सांडलेल्या फरशीसारखा, कुठला ऐन वेळी कच खाणाऱ्या माणसासारखा. तो ऐकायचा, डोळे मिटून मान हलवायचा आणि सांगायचा. ती टाईप करायची, तेही कचेरीतून मोडीत काढून आणलेल्या सपाट कीबोर्डवर, कारण हात त्यालाच सरावले होते. जगातल्या भारी स्विचची परीक्षणं त्या खटाऱ्यावर लिहिली जातात हे पोरांना कळलं असतं, तर त्यांनी जीवच दिला असता.

खेळाची परीक्षाही तिलाच द्यावी लागायची. बंदुका घेऊन पळायचा खेळ. डाव्या हाताने चालायचं, उजव्याने गोळ्या घालायच्या. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, आणि कुणीतरी मागून येऊन तिला मारायचं.

"मेले बघ."

"अगं, डावीकडे वळ ना!"

"वळते तोवर मारतात मेले. जरा थांबायला काय होतं त्यांना?"

"बटण सोडल्यावर लगेच थांबलीस, की पुढे सरकून मग थांबलीस?"

"मी मेल्यावर थांबले."

तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. आणि मग ती काहीतरी सांगायचीच, पटकन वर येतो, रेंगाळतो, बोटाला चिकटून राहतो. तो लिहवून घ्यायचा. पोरं खाली लिहायची, काका, आजारातून उठल्यापासून तुमची बोटं आणखीच तयार झालीत. तो ते तिच्याकडून दोनदा वाचून घ्यायचा.

खरी गंमत ही, की शेवटी शेवटी तिला फरक कळायला लागला होता. निदान तिला तसं वाटायचं. मागच्या आठवड्यात दुकानदाराने तीन पुडे पाठवले. तो स्वतःच्या दुकानाचा स्विच काढणार होता, आणि कारखान्याने तीन नमुने दिले होते. बाहेरून तिन्ही हुबेहूब एकच, आतली स्प्रिंग तेवढी निराळी. कुठला घ्यायचा ते बोटभरकाकांनी ठरवायचं. त्या दिवशी तिने काही रचलं नाही. डोळे मिटून, मन लावून एकेक दाबला. पहिला हलका, खेळणाऱ्या पोरांना आवडेल असा. दुसरा भरीव, बसून पानंच्या पानं टाईप करावीत असा. तिसऱ्यात कुठेतरी कण अडकलाय. त्याने तसंच सांगितलं, तिने तसंच लिहिलं, आणि साइटवर ते आल्यापासून ती कचेरीत दोन बोटं उंच असल्यासारखी चालत होती.

"झालं," ती आता म्हणाली. शेवटचा नवा स्विच खटकन बसला. "पाय सगळे सरळ. माझेसुद्धा."

"मग आधी बोटं बघू."

दर वेळी स्विच दाबून बघण्याआधी हे असायचं. डॉक्टरांनीच शिकवलं होतं. त्याने डोळे मिटून हात टॉवेलवर पसरायचे, तिने पेन्सिलीचं बोथट टोक एकेका बोटाला टेकवायचं, आणि त्याने कुठलं बोट ते सांगायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा एकही बरोबर आलं नव्हतं. ती न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून उभी राहिली होती. मग हळूहळू एखादं यायला लागलं, मग निम्मी. गेल्या काही वेळा तर जवळजवळ सगळी. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते दोनदा विचारून मग म्हणाले, असं असेल तर फारच छान.

तो टॉवेल पसरत होता तोच तिचा फोन वाजला. दुकानदार. त्याने नवऱ्याला न करता तिला फोन केला म्हणजे काहीतरी आहे, हे तिला कळलं. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटलं.

"वहिनी, दादा जवळ आहेत का?"

"नाही. बोला ना."

"एक घोळ झालाय." दुकानदार खाकरला. "ते तीन पुडे. आमच्या गोदामातल्या शहाण्याने तिन्ही एकाच खोक्यातून भरले. काल मी बाकीची खोकी उघडली तर दोन नमुने तसेच सीलबंद. म्हणजे तुमच्याकडे आले ते सगळे एकच होते. एकच स्विच, तीन पुडे."

ओट्यावर तिची बोटं आपोआप चालायला लागली, करंगळी, तर्जनी, अनामिका, अंगठा, मधलं. तरुणपणी टायपिंगच्या क्लासात सरांनी घटवून घेतलेली कसरत होती ती, शेजारच्या बोटाला शेजारच्याची सवय लागू नये म्हणून. काही सुचेनासं झालं की हात टेबलावर, बसच्या दांड्यावर, कुठेही हेच वाजवत बसायचे. नवरा वैतागायचा, पुरे झाला तुझा ठेका.

"वहिनी, ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"दादांनी तिन्हींचं इतकं बारीक लिहिलं होतं. मी तर वाचून भारावलो होतो. म्हणजे..." तो अडला. भला माणूस होता, त्याला शब्द सापडेनात. "दादांच्या बोटांचं खरं काय आहे?"

"येतेय हळूहळू."

"स्विच कोण दाबतं, वहिनी?"

कुकर थंड झाला होता, त्याची शिट्टी ती उगाच काढून पुन्हा बसवत राहिली.

"मी," ती म्हणाली.

"अच्छा." दुकानदार पुन्हा खाकरला. "मला राग नाही हो आला. पण माल मागवायचाय, आणि पोरं आता स्वतःही स्विचवर वजनं ठेवून स्प्रिंग मोजतात. कुणीतरी बोलेल, आणि दादांची शोभा होईल. मी तो लेख काढून टाकतो. यापुढे मोजायचं यंत्रच घेतोय. दादांना तुम्हीच सांगाल का? माझ्याने नाही व्हायचं."

"सांगते."

"आणि नंतर पाठवलेला तो चौथा पुडा राहू दे तुमच्याकडेच."

फोन ठेवल्यावर तिने आपलं बोट ओट्यावर दाबून पाहिलं. दगडासारखा दगड लागला. बोटांत काही नव्हतंच, नुसतं तोंड चालत होतं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती. आता त्याच्याजवळ उरलं काय? पण खोटं पुरे झालं. आत्ताच्या आत्ता सांगायचं, सगळं, पहिल्या साबणाच्या वडीपासून. बोटं तरी परत येताहेत ना? ती आली की तो स्वतःच दाबेल, स्वतःच लिहील. तेवढ्या एका गोष्टीच्या आधारावर हे सांगता येणार होतं.

ती परत टेबलापाशी आली. तो डोळे मिटून बसला होता, दोन्ही हात टॉवेलवर पसरलेले.

"किती वेळ! कोण होतं?"

"सांगते. तुझ्याशी बोलायचंय."

"आधी हे कर. हात पसरून बसलोय कधीचा, मुजरा केल्यासारखा."

ती समोर बसली. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर मोठा फोड होता. काल त्याने गरम पातेलं उचललं होतं आणि वास आल्यावर सोडलं होतं. तिला म्हणाला होता, कपाटाच्या दारात चेंगरलं. तिनेही बरं म्हटलं होतं. तिने पेन्सिल उचलली. सुरुवात कशी करावी, साबणाच्या वडीपासून करावी की दुकानदारापासून, या विचारात पेन्सिल हवेतच राहिली.

"करंगळी," तो म्हणाला.

तिने पेन्सिलीकडे पाहिलं. टोक त्याच्या हातापासून वीतभर वर होतं.

"बरोबर ना?"

"हं," तिच्या तोंडून गेलं.

कदाचित टॉवेल हलला असेल. कदाचित आपलीच बाही लागली असेल. तिने पेन्सिल खाली आणली आणि मधल्या बोटावरच्या त्या फोडावर टेकवली. मग दाबली. इतकी दाबली, की फोडातलं पाणी एका बाजूला सरकलं.

त्याचा चेहरा शांत होता. तो जरासा थांबला, नेहमी थांबायचा तेवढाच.

"तर्जनी," तो म्हणाला.

करंगळी, तर्जनी. आता पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं. तिच्याच हातांना ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी आपण मनाला येईल तसं बोट निवडतो असं तिला वाटत होतं, आणि हात आपले सरांची कसरत करत होते, दर वेळी तीच, त्याच ठेक्यात. त्याने ती पाठ केली होती. अधूनमधून एखादं मुद्दाम चुकवायचा, खरं वाटावं म्हणून.

तिला रडू आलं नाही, संताप आला. काय समजतोस तू स्वतःला? डॉक्टरांना फोन करून सांगितलं मी! शेजारणीला सांगितलं! पेन्सिल टेबलावर आपटावी, डोळे उघडायला लावावे आणि तो फोड त्याच्यासमोर धरावा असं तिला झालं. मग तिला न्हाणीघरातला तो नळ आठवला. पाण्याच्या आवाजाआड आपलं रडणं ऐकू जात नाही असं ती धरून चालली होती. घर केवढंसं. त्याला ऐकू गेलं असणार. त्याच्या पुढच्याच सुट्टीच्या दिवशी पहिलं बोट बरोबर आलं होतं.

"काय गं? चुकलं का?"

"नाही," ती म्हणाली. "बरोबर."

तिने पेन्सिल मांडीवर ठेवली.

"अनामिका."

"बरोबर."

"अंगठा."

"बरोबर."

"मधलं."

"बरोबर," ती म्हणाली. दुसऱ्या हाताचीही पाच बोटं तशीच झाली. तो सांगत गेला, ती बरोबर म्हणत गेली, आणि त्याच्या हातांना कुणी शिवलं नाही. या वेळी मुद्दाम चुकवायचं तो विसरला होता, किंवा त्याला आज सगळी बरोबर यायला हवी होती.

त्याने डोळे उघडले तेव्हा पेन्सिल तिच्या हातात होती.

"सगळी?" त्याने विचारलं.

"सगळी."

"बघ! म्हटलं नव्हतं?" तो हसला. हसताना तिच्याकडे पाहत राहिला, उत्तर तपासल्यासारखा. तीही हसली, आणि त्याने नजर काढून कीबोर्डकडे वळवली. "डॉक्टरांना सांग उद्या."

"सांगते."

"आणि तू काय बोलणार होतीस? दुकानदार होता ना फोनवर?"

"हो."

"काय म्हणतोय?"

तिने टॉवेलची घडी घातली. मग घडीची घडी घातली.

"मागचा लेख लोकांनी डोक्यावर घेतलाय म्हणाला."

"घेणारच. तिसऱ्यातला कण कुणाला सापडला असता?" त्याने कीबोर्ड तळहातांनी तिच्याकडे सरकवला, कडेला धरायला गेला असता तर निसटला असता म्हणून. "आणि हा चौथा कधी हवाय त्याला?"

"घाई नाही म्हणाला."

तो जरा वेळ मान हलवत राहिला. खिडकीबाहेर कुणाच्या तरी अंगणात नळी सोडून गाडी धुणं चाललं होतं, तेवढाच आवाज. त्याने नेहमीसारखी खुर्ची तिच्याजवळ ओढली, फोड आलेला हात दुसऱ्या हाताखाली ठेवला आणि डोळे मिटले.

"मग सावकाश सांग," तो म्हणाला.

तिने बटणावर बोट ठेवलं. दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं.

"हा जरा जड आहे," ती म्हणाली.